एक-शून्य-एक

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावासमोर तीन आकडे असतात. एक-शून्य-एक. सकाळी एक गोळी, दुपारी नाही, रात्री एक. आमच्या जुन्या जालन्यात ज्यांना चिठ्ठीवरचं इंग्रजी नाव वाचता येत नाही, त्या बायाबापड्यांनाही हे तीन आकडे बरोबर कळतात. घरात मराठी बोला, उर्दू बोला, मारवाडी बोला, आकडे तेच राहतात. तीन अक्षरांचा मजकूर आणि भाषांतराची गरज नाही, हे पाहून कुणाही कवीला हेवा वाटेल.

पण या आकड्यांत एक गोष्ट लिहिलेली नसते. ती डॉक्टरांनी गृहीत धरलेली असते. तुम्ही सकाळी न्याहारी कराल, दुपारी जेवाल आणि रात्रीही वेळेवर जेवाल, हे त्यांनी मनाशी धरलेलं असतं. मधुमेहाच्या गोळीचा सगळा हिशोब त्या न लिहिलेल्या जेवणावर उभा असतो. ज्या दिवशी ताटाची वेळ बदलते, त्या दिवशी हे तीन आकडे खोटे पडतात. आणि आपल्याकडे ताटाची वेळ किती वेळा बदलते! रमजानचा महिना आहे, श्रावणी सोमवार आहे, संकष्टी आहे, एकादशी आहे, नवरात्राचे नऊ दिवस आहेत, पर्युषण आहे. उपासतापास न करणारं घर आपल्याकडे शोधून काढावं लागेल.

मी कविता लिहितो, डॉक्टर नाही. त्यामुळे कुणी कोणती गोळी घ्यावी हे सांगणं माझं काम नाही आणि कुणी माझं ऐकून गोळी बदलूही नये. पण अकरा वर्षं मी स्वतः ही गोळी घेतो आहे. या अकरा वर्षांत डॉक्टरांना विचारून, वाचून आणि आजूबाजूला पाहून जे कळलं, त्यातलं थोडं आज सांगावं म्हणतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात नाही तरी शेजारी ही गोळी आहेच.

लोक सरसकट 'शुगरची गोळी' म्हणतात. पण शुगरच्या गोळ्या एका जातीच्या नाहीत. सर्वांत जास्त घेतली जाणारी म्हणजे मेटफॉर्मिन. तिची कुळकथा मजेशीर आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक रानटी वनस्पती उगवते, तिथल्या जुन्या वैदूंना ती माहीत होती. तिच्यात सापडलेल्या द्रव्याच्या नात्यातलं हे रसायन. ते पहिल्यांदा तयार झालं १९२२ साली, आणि मग पस्तीस वर्षं कपाटात पडून राहिलं. १९५७ मध्ये झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहासाठी वापरून त्याचे निष्कर्ष मांडले. अमेरिकेत त्याला परवानगी मिळायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताला सांगते की रक्तात साखर कमी सोड. ती इन्शुलिन पिळून काढत नाही. म्हणून एकटी मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर एकदम खाली कोसळण्याची भीती फार थोडी. ती त्रास देते तो पोटाला: मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. जेवणाबरोबर घेतली आणि मात्रा हळूहळू वाढवली तर बहुतेकांना सोसते.

दुसरी जात सल्फोनिलयुरियाची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि जुन्या रुग्णांना 'डाओनिल' या नावानं माहीत असलेलं ग्लिबेनक्लामाइड, ही सगळी या घराण्यातली. यांची कथा मला जास्त महत्त्वाची वाटते. १९४२ साल, दुसरं महायुद्ध चालू. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जानबाँ नावाचे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांवर एक नवं सल्फा औषध वापरून पाहत होते. ताप उतरावा म्हणून दिलेल्या त्या औषधानं काही रुग्णांना झटके येऊ लागले, काही बेशुद्ध झाले, काही दगावले. तपासलं तर रक्तातली साखर पार तळाला गेलेली. युद्धाच्या दिवसांत अन्नाची टंचाई होती, रुग्ण आधीच उपाशीपोटी आणि खंगलेले. त्याच शहरातल्या ऑग्युस्त लुबातिए यांनी मग शोध घेतला, की हे औषध स्वादुपिंडातून इन्शुलिन बाहेर काढायला लावतं. त्यातूनच मधुमेहासाठी या घराण्यातली गोळी जन्माला आली.

म्हणजे पाहा, या गोळीचा गुण सापडला तोच तिच्या धोक्यातून, आणि तोही उपाशी माणसांच्या अंगावर. आजही तिचा स्वभाव बदललेला नाही. तुम्ही जेवलात की नाही, हे तिला कळत नाही. ती पोटात गेली की स्वादुपिंडाला कामाला लावते. जेवण आलं तर ठीक. नाही आलं तर रक्तात असलेल्या साखरेवरच ते इन्शुलिन तुटून पडतं.

इथं कुणी म्हणेल, मी तर साधी मेटफॉर्मिन घेतो, मला काय भीती. जरा थांबा आणि गोळीची पट्टी उलटी करून बघा. आपल्या देशात दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच गोळीत घातलेली असतात. नावाच्या शेवटी 'एम १', 'जीपी २' असं काही लिहिलेलं असेल, तर तो आकडा बहुतेक वेळा ग्लिमेपिराइडच्या मिलिग्रॅमचा असतो. मेटफॉर्मिन पाचशे किंवा हजार मिलिग्रॅम, आणि तिच्या पोटात ग्लिमेपिराइड एक किंवा दोन मिलिग्रॅम. दिसायला एक गोळी, पण पोटात गेल्या दोन. आमच्या ओळखीतल्या दहा जणांना मी विचारलं, तुमच्या गोळीत काय काय आहे? सांगता आलं ते दोघांना. त्यातला एक औषधाच्या दुकानात कामाला आहे.

आता जुन्या जालन्याकडे येतो. कुंडलिकेच्या एका काठाला आमचं हे जुनं गाव, दुसऱ्या काठाला नवं. आषाढीला इथं आनंदी स्वामींची यात्रा भरते. रमजानात याच भागात पहाटे तीन-साडेतीनला घराघरांत दिवे लागतात. जैन बांधवांची पर्युषणं असतात, आठ-आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर राहणारी माणसं मी पाहिली आहेत. उपवासाच्या बाबतीत आमचं गाव कुणाला मागे हटणारं नाही. आणि तरी सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. डॉक्टरांना कुणी सांगत नाही.

२०१८ चा रमजान मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाला. जालन्यातला मे तुम्हाला माहीत आहे. आमच्या गल्लीत एक खाला राहतात, तेव्हा त्यांचं वय पासष्टच्या आसपास. असरच्या नमाजनंतर त्यांची सून धावत आली. खालांना दरदरून घाम सुटलेला, हात थरथरत होते, बोलणं बरळल्यासारखं. घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, उन्हाचा रोजा आहे, अशक्तपणा आला, झोपू द्या, इफ्तारला दोनच तास राहिलेत. आणि हे म्हणणं चूक तरी कसं म्हणावं? मे महिन्यात दुपारी साडेपाचला घाम कुणाला येत नाही? रोजेदाराला थकवा कधी येत नाही? साखर उतरल्याची खूण आणि उन्हाळ्यातल्या रोज्याची खूण एकाच कपड्यात येतात, हीच तर पंचाईत आहे.

शेजारच्या मुलानं त्याच्या वडिलांचं ग्लुकोमीटर आणलं. आकडा आला ४८. सत्तरच्या खाली गेलं की धोका धरतात. खालांनी ओठ घट्ट मिटून घेतले, पाणी घेईनात. शेवटी मशिदीतल्या एका वडीलधाऱ्या हाफिजसाहेबांना बोलावलं. त्यांनी फार काही वाद घातला नाही. म्हणाले, "आपा, रोजा बाद में रख लेना, जान बाद में नई मिलती." मग खाला साखरेचं पाणी प्यायल्या. वीस मिनिटांत उठून बसल्या, इफ्तारही सगळ्यांबरोबर केला. आणि रात्री तरावीहच्या सुमारास पुन्हा तेच. पुन्हा घाम, पुन्हा बरळणं. मग मात्र दवाखान्यात न्यावं लागलं आणि दीड दिवस ग्लुकोजची बाटली चालू ठेवावी लागली.

तिथल्या डॉक्टरांनी पट्टी पाहिली. ग्लिबेनक्लामाइड. चिठ्ठी सहा वर्षांपूर्वीची, त्याच चिठ्ठीवर दरमहा दुकानातून गोळ्या येत होत्या. मधल्या काळात वय वाढलं, मूत्रपिंडाचं काम मंदावलं, आणि जी गोळी शरीरातून वेळेत निघून जायला हवी ती रेंगाळू लागली. साखरेच्या पाण्यानं तासाभराची सोय होते, गोळी मात्र दिवसभर काम करत राहते. म्हणून या जातीच्या गोळीनं साखर उतरली तर माणूस शुद्धीवर आला म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लिक्लाझाइडला पसंती दिली आणि साठीपुढच्या माणसांना ग्लिबेनक्लामाइड योग्य नाही, असं नमूद केलं. पण यादीतला शब्द गल्लीतल्या पट्टीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

बरं वाटल्यावर मी खालांना विचारलं, डॉक्टरांना रोज्याचं सांगितलं होतं का? त्यांचं उत्तर मी विसरलो नाही. "डॉक्टरकू बोलती तो वो रोजेच बंद करा देता, बेटा." पहाटे सहरीला त्यांनी 'एक' घेतली होती आणि रात्री जेवताना दुसरी 'एक'. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच. त्यांच्या बाजूनं कसूर काहीच नव्हती. सकाळची गोळी दुपारच्या जेवणाच्या भरवशावर दिलेली होती आणि दुपारचं जेवण नव्हतं, एवढंच.

ही भीती फक्त खालांची नाही. २००१ साली भारतासह तेरा देशांत बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. टाइप टू मधुमेह असलेल्यांपैकी शेकडा ७९ जणांनी रमजानात किमान पंधरा रोजे केले होते. आणि याच लोकांत साखर गंभीरपणे उतरण्याचं प्रमाण एरवीच्या मानानं साडेसात पट झालं होतं. डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून रोजे थांबत नाहीत, हे यातून कळतं. लपून होतात. आणि लपून केलेल्या रोज्यात गोळीची मात्रा कोण बदलणार?

कुरआनच्या दुसऱ्या सूरेत रोज्याचा आदेश जिथं आहे, तिथंच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढावेत, आणि ज्याला ते शक्यच नाही त्यानं गरिबाला जेऊ घालावं. आमच्या लहानपणी मौलवीसाहेब आदेश शिकवायचे तेव्हा सवलतही शिकवायचे. मोठेपणी आम्ही आदेश लक्षात ठेवला. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासली तर रोजा तुटत नाही, असंही बहुतेक उलेमा सांगतात. तरीही लोक दुपारी बोटाला सुई लावू देत नाहीत, आणि नेमकी दुपारीच तपासणी सर्वांत गरजेची असते.

आणि प्रत्येक मधुमेही माणसानं रोजा सोडलाच पाहिजे असंही नाही. ज्यांची साखर आटोक्यात आहे, ज्यांना मूत्रपिंडाचा, हृदयाचा त्रास नाही, त्यातले पुष्कळ लोक डॉक्टरांच्या सल्ल्यानं नीट रोजे करतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं रमजानसाठी डॉक्टरांना मार्गदर्शिका काढून दिली आहे, २०१६ मध्ये पहिली आणि २०२१ मध्ये सुधारलेली. तिचा गाभा सांगायचा तर असा: रमजानात मोठं जेवण इफ्तारचं, म्हणून मोठी मात्रा इफ्तारकडे सरकते. मेटफॉर्मिन दिवसातून एकदा असेल तर ती इफ्तारला. सल्फोनिलयुरिया एकदाच असेल तर इफ्तारला, दोनदा असेल तर सहरीची मात्रा कमी करतात. ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी गोळी असेल तर त्याच घराण्यातली सौम्य गोळी किंवा वेगळी जात देतात. साखर सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली, किंवा माणसाला बरंच वाटेनासं झालं, तर रोजा तिथंच सोडायचा. हे सगळं प्रत्येकाच्या तब्येतीप्रमाणे बदलतं, म्हणून हे ऐकून घरी स्वतःच गोळी फिरवू नका. यासाठी डॉक्टरांकडे जायची वेळ रमजानचा चंद्र दिसल्यावर नसते. ती शाबानमध्ये, किंवा त्याच्याही आधी. मात्रा बदलून पाहायला, काही बिघडलं तर सावरायला हाताशी महिना-दीड महिना लागतो.

चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. आपल्याकडे थंडीतला रोजा सव्वाबारा तासांचा होतो, तर जूनमधला पंधराला टेकतो. त्यामुळे मागच्या वर्षी सोसलं म्हणून पाच वर्षांनीही सोसेल, असं धरता येत नाही. आणि माणसाचं मूत्रपिंडही तेच राहत नाही.

हिंदू बांधवांच्या उपवासाची तऱ्हा वेगळी. तिथं दोन टोकं दिसतात. एक, साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळी, बटाट्याचा कीस. हा उपवास खरं तर पिष्टाची पंगत. साखर खाली जायची सोडून वर जाते आणि मग दुसऱ्या दिवशी कुणीतरी गोळी दुप्पट घेतो. दुसरं टोक संकष्टीचं. सकाळची गोळी सवयीनं घेतली, दिवसभर चहावर काढला आणि चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे. माझे एक मित्र, मोठे गणेशभक्त, दर महिन्याला त्या दिवशी संध्याकाळी चिडचिड करायचे. घरचे म्हणायचे, उपवासानं डोकं तापतं. एकदा मुलीनं तपासलं, साखर ६२. डॉक्टरांनी फक्त संकष्टीपुरती सकाळची गोळी बदलून दिली. आता ते शांतपणे चंद्राची वाट पाहतात.

आम्हा कवींचाही एक उपवास असतो. कविसंमेलनाचा. निमंत्रणपत्रिकेवर साडेसातची वेळ, प्रत्यक्षात नऊला दीपप्रज्वलन, आणि जेवण अध्यक्षांच्या भाषणानंतर. अध्यक्ष किती वेळ बोलतील ते कुणाच्या हाती नसतं. रात्रीची गोळी आठ वाजता घेऊन मंचावर बसणं हा त्या रात्रीतला खरा धाडसी काव्यप्रकार होईल. माझी गोळी खिशात असते आणि ताट समोर आल्याशिवाय ती बाहेर येत नाही. लग्नाच्या पंगतीलाही हेच.

आता साखर उतरलीच तर काय करायचं, ते जरा नीट ऐका. घाम, थरथर, धडधड, अचानक कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण राग, बोलण्यात गोंधळ, या खुणा. मीटर असेल तर तपासा, नसेल तर वाट पाहू नका. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासा, कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या. मग पोळी, भात, दूध, जे असेल ते खायला द्या. खजूर चांगला, पण आधी साखरेचं पाणी, ते लवकर भिनतं. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, छातीत जाईल. १०८ ला फोन करा.

यात एक मेख आहे. काही तीन औषधांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोज असतं. हे औषध आतड्यात साखरेचं विघटन लांबवतं, तेच त्याचं काम. म्हणून अशा माणसाला साखर दिली तरी ती लवकर चढत नाही. त्याच्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडर घरात हवी, कारण तिचं विघटन व्हायचंच नसतं. पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल तर आजच एक डबी आणून ठेवा, आणि घरातल्या इतरांना ती कुठं आहे ते दाखवून ठेवा. साखर उतरलेला माणूस स्वतः डबी शोधू शकत नाही.

नव्या जातीच्या गोळ्याही आता आपल्यापर्यंत आल्या आहेत. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' येतं त्या, आणि 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या. डॅपाग्लिफ्लोझिनची पेटंटची मुदत भारतात आधी संपली, एम्पाग्लिफ्लोझिनची मार्च २०२५ मध्ये, आणि दर खाली आले. ग्लिप्टिन साखर वाढली तेव्हाच काम करतात, म्हणून एकट्या असतील तर साखर कोसळवत नाहीत. ग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्याबरोबर पाणीही जातं. म्हणून जंतुसंसर्ग, खाज आणि उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होणं यांवर लक्ष ठेवावं लागतं. उलट्या-जुलाब सुरू झाले, किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर ही गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं. औषध नवं म्हणजे निर्धोक, असंही समजू नये. रोसिग्लिटाझोन हे एके काळचं नवं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०१० साली बंद झालं. मेटफॉर्मिनचंच भावंड असलेलं फेनफॉर्मिन तर रक्तात आम्ल साठवतं म्हणून आपल्याकडे २००३ मध्ये बंद झालं.

मेटफॉर्मिनमध्ये तो धोका फारच थोडा, पण मूत्रपिंड फार थकलं असेल तर तिलाही थांबवतात. म्हणून वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन तपासायचं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, पायाला मुंग्या येतात आणि आपण शुगरलाच दोष देत बसतो. 'एसआर' किंवा 'एक्सआर' लिहिलेली गोळी फोडून, कुटून घ्यायची नाही, ती सावकाश विरघळावी अशीच बनवलेली असते. कधी शौचात गोळीचं टरफल अख्खं दिसतं, त्यानं घाबरू नये, आतलं औषध अंगी लागलेलं असतं. आणि एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

सर्वांत जास्त भीती मला वाटते ती बिननावाच्या पुड्यांची. 'जडीबुटी, शुगर जड से खत्म' म्हणून आठवडी बाजारात मिळणाऱ्या. त्यात काय आहे ते पट्टीवर लिहिलेलं नसतं, कारण पट्टीच नसते. सिंगापूरमध्ये २००८ साली जानेवारी ते मे या काळात दीडशे माणसं साखर कोसळून रुग्णालयात दाखल झाली, आणि त्यांना मधुमेह नव्हताच! तपासात निघालं, की बेकायदा विकल्या जाणाऱ्या पुरुषी ताकदीच्या औषधांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं होतं. चौघे दगावले. तेव्हा पुडीनं शुगर झपाट्यानं उतरली, असं कुणी कौतुकानं सांगू लागला, की मला आधी हा प्रश्न पडतो, की पुडीत कोणती गोळी कुटली आहे. सांधेदुखीच्या पुड्यांचं उलट. त्यात स्टिरॉइड असेल तर साखर चढते, आणि डॉक्टर बिचारा गोळी वाढवत बसतो. दुसरं कोणतंही औषध लिहून घेताना, अगदी लघवीच्या जळजळीसाठीसुद्धा, आपल्याला मधुमेह आहे आणि कोणती गोळी चालू आहे, हे सांगायला हवं. काही प्रतिजैविकं सल्फोनिलयुरियाबरोबर आली की साखर खाली ओढतात.

खर्चाचं म्हणाल, तर मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या स्वस्त गोळ्या आहेत. सरकारी दवाखान्यात त्या मिळतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचारांचं शुल्क घेत नाहीत. जनऔषधी केंद्रातून घेताना एवढंच पाहायचं, की नाव बदललं तरी आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच आहेत. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध असतं आणि माणूस दोन्ही घेत राहतो, हे मी पाहिलं आहे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात. आमच्या खाला आता तसंच करतात. कापडी पिशवी टेबलावर उपडी करतात आणि आधीच सांगून टाकतात, रोजे किती करायचं मनात आहे ते. २०१८ नंतर त्यांची गोळी बदलली. डॉक्टरांनी रोजे बंद केले नाहीत, कमी केले. उन्हाळ्यातले सुटलेले त्यांनी डिसेंबरात भरले, तेही विचारून.

माझ्या चिठ्ठीवर डॉक्टरसाहेब दोन रकाने आखतात. एक रमजानचा आणि एक बाकीच्या अकरा महिन्यांचा. पहिल्या रकान्यात आकड्यांच्या जागी 'सहरी' आणि 'इफ्तार' हे शब्द लिहिलेले असतात, मीच त्यांना देवनागरीत लिहायला लावले. दुसरा रकाना ईदच्या सकाळच्या पहिल्या घासापासून सुरू होतो. रमजानची मात्रा पुढे चालू ठेवली तर हिशोब पुन्हा चुकतो, म्हणून ती तारीखही ते लिहून देतात. शीरखुर्म्याची वाटी किती मोठी असावी, हे त्यांनी माझ्यावर सोडलं आहे. बायकोनं ते माझ्याकडून काढून घेतलं आहे.